सहस्रकुंडला निघण्याआधी पाण्याची खबर कळावी

महोदय,

महालक्ष्म्या झाल्या की आमच्या बचत गटाच्या बायकांना सहस्रकुंडचे वेध लागतात. गाडी ठरते, दशम्या आणि ठेचा कुणी करायचा तेही ठरतं. पण त्या दिवशी धबधब्याला पाणी किती, हे सांगणारं कुणी भेटत नाही. किनवट तालुक्यात इस्लापूरजवळ पैनगंगा नदी काळ्या कातळावरून कोसळते, तोच हा धबधबा. समोरचा काठ विदर्भात, उमरखेड तालुक्यात. वरच्या अंगाला इसापूर धरण. त्याचे दरवाजे उघडले की इथे लख्ख ऊन असलं तरी नदी चढते. तो काळा दगड ओला झाला की पाय ठरत नाही, आणि पोरं फोटोसाठी नेमकी कडेलाच जातात. आयांचा जीव टांगणीला लागतो.

धरणातून पाणी सुटणार असेल, तर ती सूचना आपल्या पेपरात ठळक छापावी आणि दोन्ही काठांवर मोठ्या अक्षरांत फळ्यावर लिहावी. उन्हाळ्यातही पाण्याची खबर पेपरात दिली, तर जाणाऱ्यांना धार आटली आहे का, हे घरीच कळेल. बायकांसाठी स्वच्छ, पाण्याची सोय असलेलं स्वच्छतागृहही हवंच. म्हाताऱ्या सासूबाईंना सोबत न्यायचं, तर आम्ही आधी तेच विचारतो.

– बचत गटाची एक सदस्य, हदगाव (जि. नांदेड)