चप्पल काढायलाही सांगितलं नाही

महोदय,
यजमानांना नऊ वर्षं कंपवात आहे. हात थरथरतात म्हणून त्यांची नखं मीच काढते. गेल्या महिन्यात पायाच्या अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग दिसला. नेहमीच्या डॉक्टरांना सांगितलं, तर “वयाचं आहे, आजी” म्हणत त्यांनी चिठ्ठी पुढे सरकवली. चप्पलसुद्धा काढायला लावली नाही!

अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या २०१७च्या अभ्यासात कंपवाताच्या रुग्णांत मेलानोमा, म्हणजे त्वचेचा एक कर्करोग, सुमारे चौपट आढळला. आणि मेलानोमावाल्यांत कंपवातही तसाच. पूर्वी संशय लेव्होडोपाच्या, म्हणजे कंपवातावरच्या नेहमीच्या औषधाच्या, गोळ्यांवर होता. पण गोळ्या सुरू होण्याआधीही हा कर्करोग झालेला दिसतो. त्वचेला रंग देणारं मेलॅनिन आणि कंपवातात मेंदूत कमी पडणारं डोपामिन, दोन्ही टायरोसिन या एकाच अमिनो आम्लापासून बनतात. आयुष्यभर शास्त्र शिकवलं, पण हे कधी जोडून पाहिलं नव्हतं. आपल्याकडे मेलानोमा गोऱ्या लोकांच्या मानाने फार कमी. होतो तेव्हा मात्र बऱ्याचदा तळपायाला, तळहाताला नाहीतर नखाखाली.

त्वचारोगतज्ज्ञांनी भिंगातून पाहिलं. उंबऱ्याला ठेच लागून साकळलेलं रक्त निघालं. कंपवाताच्या तपासणीत वर्षातून एकदा पायमोजे उतरवायला किती वेळ लागतो?

— एक निवृत्त शिक्षिका, मिरज