इंग्रजीतील चूक आणि इंग्रजीतील वेगळेपण

मा. संपादक,
स.न.वि.वि.

खान्देशातील पालकसभांत मुलांच्या कच्च्या इंग्रजीची तक्रार नेहमी होते, पण तिच्यात दोन निराळ्या गोष्टींची गल्लत होते. काळ चुकल्याने वाक्याचा अर्थच बदलला, तर ती चूक आहे आणि ती सुधारलीच पाहिजे. परंतु घरी अहिराणी किंवा लेवा गणबोली बोलणाऱ्या मुलाच्या इंग्रजीत त्या बोलीचा हेल उतरला, तर ती चूक नव्हे. वर्गात हसू होते ते बहुधा हेलाचे, आणि असे हसू झालेले मूल पुढे वर्गात तोंड उघडत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

ज्या इंग्लंडचा दाखला शुद्धतेसाठी दिला जातो, तेथे भाषेवर देखरेख ठेवणारी फ्रान्ससारखी अकादमी कधी स्थापनच झाली नाही. इंग्रजी लेखक जोनाथन स्विफ्ट यांनी १७१२ मध्ये तशी मागणी केली होती, ती तशीच राहिली. सॅम्युएल जॉन्सन यांनी भाषा स्थिर करण्याच्या उमेदीने कोशाचे काम हाती घेतले आणि १७५५ मध्ये तो प्रसिद्ध करताना ही उमेद फोल असल्याचे प्रस्तावनेत स्वतःच मान्य केले. पुढे अमेरिकी कोशकार नोआ वेबस्टर यांनी १८२८ च्या कोशात ‘कलर’मधील ‘यू’ गाळला. अमेरिकेत आज तेच शुद्ध आहे, आणि आपल्याकडे मात्र त्यावर लाल रेघ ओढली जाते.

म्हणून काहीही लिहिले तरी चालेल, असे मी म्हणत नाही. उत्तरपत्रिकेत, नोकरीच्या अर्जात, कचेरीच्या पत्रव्यवहारात प्रमाण लेखनच लागते, आणि खेड्यातल्या मुलाला ते कसून न शिकवणे हा त्याच्यावर अन्यायच आहे.

प्रश्न तोंडी परीक्षांचा, वक्तृत्व स्पर्धांचा आणि मुलाखतींचा आहे. बोलीत ओव्या रचणाऱ्या निरक्षर बहिणाबाईंचे नाव ज्या भागाने आपल्या विद्यापीठाला अभिमानाने दिले, त्याच भागात बोलीच्या हेलापायी मुलांचे गुण जावेत, हे मला पटत नाही. परीक्षकांनी गुण कशाचे कापले ते कागदावर नोंदवावे आणि अर्थ स्पष्ट पोहोचत असेल, तर उच्चाराच्या ढबीसाठी एकही गुण कापू नये, अशी शाळांना व महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे.

आपला,
एक वाचक, अमळनेर