मधल्या खोलीत यंदा गहू नको

ऐरोली,
रविवार, 16 मार्च 2025

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

होळीला आले होते तेव्हाच हे बोलायचं होतं. दोनदा तोंडाशी आलं. पण बाबा, तुम्ही ओसरीवर नातवाला ओंबी चोळून दाखवत होतात. कूस उडवायला फुंकर मारलीत आणि जी उबळ आली ती पाणी पिऊनही थांबेना. मग माझा धीरच झाला नाही. फोनवर तुम्ही ‘बघू’ म्हणून विषय बदलता, म्हणून लिहिते.

यंदाचा गहू मी विकलाय. आमच्या सोसायटीतली एकवीस घरं वर्षाचं धान्य भरतात. त्यांना फेब्रुवारीपासून विचारत होते. काल वानगी दाखवली आणि बयाणा घेतला. 24 क्विंटल, 38 रुपये किलो, घरपोच. टेम्पो शनिवारी, 29 तारखेला सकाळी तुमच्या दारात येईल, पाडव्याच्या आदल्या दिवशी. तुम्हाला न विचारता ठरवलं याचं वाईट वाटतंय. पण विचारलं असतं तर तुम्ही दिवाळीपर्यंत थांबू म्हणाला असता, आणि तुमच्यापुढे माझं कधी चालत नाही.

हा भाव घाईत धरलेला नाही. रुमालात बांधून आणलेले दाणे घेऊन काल मी आधी तुर्भ्याच्या दाणा बाजारात गेले. व्यापाऱ्यानं अगदी तुमच्यासारखंच केलं. दाणे तळहातावर पसरले, एक दाताखाली धरला. टच्चकन वाजला. म्हणाला, वाळलाय चांगला, लोकवन आहे, पण बराच दाणा बारीक राहिलाय. मी काय बोलणार? 1901 पासूनचा सगळ्यात तापलेला फेब्रुवारी होता, असं हवामान खातंच म्हणतंय. ऐन दाणा भरायच्या दिवसांत ऊन चढलं, तर निफाडची थंडी तरी किती पुरणार? तुम्ही पाणी वेळेवर दिलंत, त्यात तुमचा काही दोष नाही. त्यानं सांगितलेला भाव मला पटला नाही. सोसायटीत मात्र माणसं आपला गहू ओळखतात, मागच्या वर्षी मी दिलेल्या पोत्यातल्या पोळ्या खाल्ल्यात त्यांनी. टेम्पोचं भाडं जाऊनही गावातल्या भावापेक्षा क्विंटलमागे सहाशे तरी जास्त हातात राहतील.

तुम्ही म्हणाल, दिल्लीकडे तीन हजारांच्या वर गेला होता, अजून चढेल. चढेलही. पण सरकारनं फेब्रुवारीतच व्यापाऱ्यांच्या साठ्याची मर्यादा 1,000 टनांवरून 250 टनांवर आणली. परवाच्या अंदाजात देशाचा गहू 1,154 लाख टन सांगितलाय. हमीभाव 2,425 असला तरी सरकारी खरेदी मुख्यतः पंजाब, हरियाणा, मध्य प्रदेशाकडची, आपल्याला तिचा आधार नाही. आणि 2022 आठवा. युक्रेनची लढाई लागली, भाव रोज वर जात होता, तुम्ही तीन हजारांसाठी थांबलात. 13 मेला निर्यात बंद झाली. पुढे भाव परत चढला, हे तुमचं म्हणणं खरं आहे. पण 2023 च्या जानेवारीत सरकारनं 30 लाख टन बाजारात काढायचं ठरवलं आणि तो पुन्हा उतरला. तोवर आपल्या पोत्यांत टोके झाले होते. आई रोज अंगणात चाळत बसायची, ते मला अजून दिसतं.

हे सगळं मी स्वतःच्या मनाला पटवायलाही लिहितेय. खरं सांगायचं तर गहू विकला तो मधल्या खोलीसाठी.

जानेवारीत डॉक्टरांनी विचारलं, घरात धान्याला काय घालता? तुम्ही काहीच बोलला नाहीत, आई माझ्याकडे बघत राहिली. सल्फॉसच्या गोळ्यांचा तो लसणासारखा वास माझ्या नाकातून गेलेला नाही. हवेतल्या ओलीनं त्यांचा वायू होतो, आणि तो बंद खोलीतून फटीफटीनं बाहेर येतो. त्या भिंतीला लागूनच तुमची खाट आहे, बाबा. इतकी वर्षं तसंच चाललं आणि काही झालं नाही, हे मला माहीत आहे. आम्हीही त्याच पोत्यांवर लोळून मोठे झालो. पण तेव्हा तुमची छाती अशी वाजत नव्हती.

खोली रिकामी झाली की तुमची खाट तिकडे हलवू. पूर्वेची खिडकी पोत्यांमागे बुजली होती, ती उघडेल. पंखा दादा लावून देणार आहे, त्याच्याशी बोलणं झालंय. घर उघडं-बोडकं होणार नाही. दोन क्विंटल घरासाठी आणि आत्याचं पोतं बाजूला ठेवायचंच आहे, ते पत्र्याच्या कोठीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला घालून. आई, तुझ्या कुरडयांचा गहू त्यातूनच घे. चीक शिजवशील तेव्हा मी नसेन, याचंच जास्त वाईट वाटतं. तू पातेल्याच्या कडेचा खरवडून, त्यावर तूप घालून द्यायचीस, बोट भाजायचं तरी आम्ही थांबायचो नाही.

आता नीट ऐका. हार्वेस्टर येईल तेव्हा बाबांनी बांधावर उभं राहायचं नाही. त्या भुशानं रात्रभर झोप लागणार नाही. दादाला उभं करा. एकही पोतं बाबांनी उचलायचं नाही, हमाल सांगा, त्याचे पैसे मी देते. गहू दोन दिवस ऊन दाखवून, चाळण लावून, मगच भरा. 50 किलो भरताना बारदानाचं वजन वेगळं धरा, इथे लोक घरी काटा लावून बघतात. उरलेल्या गोळ्या हात न लावता ठेवा, मी आले की बघते. आई, बाबा श्वासाचा पंप दोन वेळा घेतात की नाही, ते मला खरं सांग. त्यांची बाजू घेऊ नकोस.

बाबा, तुम्ही अजून तेवढेच खमके आहात, हे मला माहीत आहे. पुढच्या वर्षी कधी विकायचं ते तुम्हीच ठरवा, मी मध्ये पडणार नाही. फक्त घरात साठवू नका. वखारीत ठेवू, बाजार समितीकडून तारण कर्जही मिळतं, सहा महिन्यांसाठी सहा टक्क्यांनी.

रागावला असाल तर फोनवर रागवा, मी ऐकून घेईन. पण ताडपत्री आजच माळ्यावरून काढून ठेवा. 2023 ला याच दिवसांत गारा पडल्या होत्या. भोक पडलंय तिला एका कोपऱ्यात, ते दादाकडून शिवून घ्या. तुम्ही माळ्यावर चढू नका.

तुमची,
ताई