स्टेअरिंगची गळती आणि तोंडावर आलेला ऊस हंगाम

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

दिवाळीच्या सुमारास साखर कारखान्यांचा गळीत हंगाम सुरू होतो आणि एरवी सोयाबीन, तूर नाही तर सरकीची पोती वाहणारे जुने ट्रक उसाच्या फडाकडे वळतात. यांपैकी अनेक गाड्यांच्या स्टेअरिंग बॉक्सखाली (स्टेअरिंगचे फिरणे पुढच्या चाकांकडे पोहोचवणाऱ्या दातेरी पेटीखाली) तेल ठिबकत असते. त्यावर रूढ असलेला उपाय म्हणजे रोज थोडे तेल ओतत राहणे आणि पासिंगच्या, म्हणजे आरटीओच्या तपासणीच्या, आदल्या दिवशी बॉक्स डिझेलने धुऊन काढणे. गॅरेजच्या धंद्यात असल्याने या प्रथेविषयी लिहिणे मला आवश्यक वाटते.

ही गळती बहुधा ड्रॉप आर्म (चाके वळवणारा दांडा) जिथे बसतो त्या सेक्टर शाफ्टच्या, म्हणजे बॉक्समधून बाहेर येणाऱ्या आसाच्या, सीलमधून (तेल अडवणाऱ्या कड्यातून) होते, मात्र तसे गृहीत धरून बॉक्स खोलू नये. पॉवर स्टेअरिंगच्या गाडीत वरच्या पाइपाच्या जोडातून किंवा स्टेअरिंगकडून बॉक्समध्ये येणाऱ्या इनपुट शाफ्टच्या सीलमधून निघालेले तेलही ओघळत खालीच येते. म्हणून बॉक्स स्वच्छ पुसावा, इंजिन चालू करून एकाने स्टेअरिंग दोन्ही बाजूंना फिरवावे आणि दुसऱ्याने तेल नेमके कुठून उमटते ते पाहावे. धुण्याचा खरा उपयोग हा आहे.

सील स्वस्त असते, त्यामुळे मालक तेवढेच बदलण्याचा आग्रह धरतात आणि थोड्याच दिवसांत गाडी पुन्हा गॅरेजच्या दारात येते. दोष मग ‘लोकल’ सीलला दिला जातो. कधी तो खराही असतो, परंतु शाफ्टवर गंजाचे खड्डे असतील, सीलच्या ओठाने (शाफ्टला टेकणाऱ्या कडेने) त्यावर चर पाडला असेल किंवा आतील बेअरिंग अथवा बुश झिजून शाफ्ट हलत असेल, तर कंपनीचे सीलदेखील टिकत नाही. ड्रॉप आर्म हाताने धरून वर-खाली आणि आडवा हलवला तर ही ढिलाई लगेच कळते. चर उथळ असल्यास, जागा असेल तर, नवे सील किंचित पुढे-मागे बसवून त्याचा ओठ कोऱ्या भागावर आणता येतो. चर खोल असल्यास शाफ्ट बदलण्यावाचून गत्यंतर नाही. मिस्त्रीने काढलेला शाफ्ट मालकाला दाखवावा आणि मालकानेही तो पाहिल्याशिवाय काम पुढे जाऊ देऊ नये.

ड्रॉप आर्म पुलरनेच (ओढून काढण्याच्या हत्याराने) काढला पाहिजे. आपल्याकडे घणाचे घाव घालण्याची किंवा गॅसने तापवण्याची घाई फार. घावांनी आतले बेअरिंग आणि दाते दुखावतात व तापवल्याने आर्मच्या पोलादाचा कस जातो. काढण्यापूर्वी आर्म आणि शाफ्टवर खूण करावी. नवे सील सरकवताना शाफ्टच्या आट्यांवर पातळ टेप गुंडाळावी, नाहीतर ओठ तिथेच कापला जातो. ओठाची स्प्रिंग असलेली बाजू तेलाकडे ठेवून, योग्य मापाच्या पाइपाच्या तुकड्याने सील सरळ बसवावे.

गळती थांबवण्यासाठी साध्या स्टेअरिंगच्या बॉक्समध्ये ग्रीस भरणारेही भेटतात. ग्रीस बाजूला सरकून राहते आणि दाते कोरडे फिरतात. कंपनीने सांगितलेले तेलच तिथे हवे. पॉवर स्टेअरिंगमध्ये तेल कमी झाले तर पंप हवा ओढतो आणि स्टेअरिंग जड होते. मांजरसुंब्याच्या किंवा कन्नडच्या घाटात, भरलेल्या गाडीत, ते अचानक जड होणे म्हणजे काय, हे चालकांना सांगायला नको.

केंद्रीय मोटार वाहन नियम, 1989 यांच्या नियम 98 नुसार स्टेअरिंग चाकाचा मोकळा फेर (गाडीची चाके न वळता ते नुसतेच फिरते तेवढा) 30 अंशांहून अधिक असता कामा नये. पासिंगच्या वेळी हा फेर तर पाहावाच, शिवाय गाडी थोडा वेळ चालू ठेवून बॉक्सखालचा भागही पाहावा, अशी परिवहन विभागाला विनंती आहे. ताज्या धुतलेल्या बॉक्सकडे अधिक संशयाने पाहण्यास हरकत नसावी.

हंगाम सुरू झाल्यावर दुरुस्तीसाठी गाडी उभी ठेवणे कोणालाच परवडत नाही, म्हणून हे काम आताच उरकावे. तेल भरल्यावर पुढची चाके उचलून स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत हवा काढावी आणि पहिली भरलेली खेप टाकून आल्यावर ड्रॉप आर्मचा नट व त्याचे लॉक पुन्हा एकदा तपासावे.

आपला विश्वासू,
एक गॅरेजचालक, अंबाजोगाई