तीन दिवसांत सीएनसी?

संपादक महोदय,

कोल्हापूरच्या उद्यमनगर, शिरोली, गोकुळ शिरगाव या औद्योगिक भागांत हातलेथवर (धातू कातायच्या, हाताने चालवण्याच्या यंत्रावर) वीस-पंचवीस वर्षे काढलेल्या टर्नरना सीएनसी (संगणकाच्या हुकमावर चालणारे यंत्र) शिकवण्याचा एक साचा रूढ आहे: सलग तीन दिवस, रोज सहा तास, शेवटी प्रमाणपत्र आणि ग्रुप फोटो. महिनाभरात बरेचसे विसरले जाते आणि ‘या वयात आता डोक्यात शिरत नाही’ असा शिक्का बसतो. वयाला उगाच बोल लावला जातो, चूक वेळापत्रकाची आहे.

उजळणी नसेल तर पाठ केलेले पहिल्या एक-दोन दिवसांतच झपाट्याने विसरते, पण उजळणी काही दिवसांत विभागली तर जास्त टिकते, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मन एबिंगहाउस यांनी १८८५ मध्येच मांडले होते. तेव्हा तेच अठरा तास आठवड्यातून दोनदा, दीड-दीड तास, असे सहा आठवडे द्यावेत. प्रत्येक वर्गाची पहिली दहा मिनिटे वही बंद: जी००, जी०१, जी०२, एम०३ या मशीनला हुकूम देणाऱ्या कोडने काय होते ते आठवून लिहायचे. चुकले तरी चालेल, या ओढाताणीतच ते पक्के होते. नुसते पुन्हा वाचले की ‘येतंय की’ वाटते, ते फसवे.

जुना कारागीर बहुधा सवयीपाशी अडतो. काही हातलेथवर क्रॉस स्लाइड (टूल आत-बाहेर नेणारा भाग) डायलवरच्या आकड्याने १ मिमी आत घेतली की व्यास २ मिमीने घटतो. सीएनसी लेथवर एक्सचा (टूलच्या आत-बाहेर चालीचा) आकडा सहसा थेट व्यासाचाच असतो. दुसरा घोटाळा दशांश चिन्हाचा. काही कंट्रोलवर (मशीनच्या संगणकावर) ५० पुढे टिंब दिले नाही तर मशीन ते ५० मिमीऐवजी ५० मायक्रॉन, म्हणजे ०.०५ मिमी, धरते आणि टूल जॉबमध्ये (कातायच्या तुकड्यात) घुसते. म्हणून नवा प्रोग्राम आधी जॉब न लावता, सिंगल ब्लॉकवर (एका वेळी एकच ओळ), बोट फीड होल्डवर (टूलची चाल थांबवणाऱ्या बटणावर) ठेवूनच चालवायला शिकवावे. (स्क्रीनवरची अक्षरे बारीक असतात, चष्म्याचा नंबर आधी तपासलेला बरा.)

टूल बोथट झाल्याचा आवाज, बिडाला आणि स्टीलला किती फीड (टूल सरकण्याची गती) द्यायची, हे या माणसांना ठाऊक असते. आयटीआयच्या नव्या पोराला कोड पटकन जमतो, हे जमत नाही. दोघांना एकाच मशीनवर जोडीने बसवावे. आणि वर्ग शिफ्ट सुटल्यावर ठेवू नये. दमलेल्या माणसाला काय शिकवणार? आठवड्याचे ते तीन तास मालकांनी शिफ्टमधूनच, पगार न कापता द्यावेत.

– एक तंत्रप्रशिक्षक, कोल्हापूर