स्पितीला निघण्याआधी

नागपूर, १८ ऑगस्ट

ती. आई-बाबांना,
सा. न.

आम्ही दोघी मोटारसायकलींवरून हिमाचलमधल्या स्पितीला जाणार हे ऐकून परवा फोनवर बाबा म्हणाले, "गाडी तिकडे बंद पडली तर?" आणि आई म्हणाली, "तुला काही झालं तर?" तेव्हा धड सांगता आलं नाही, म्हणून आज नीट लिहिते. वाचून झाल्यावर पत्र कॅलेंडरमागे ठेवा, शेवटी ते कामाला येईल.

सप्टेंबर मुद्दाम धरला आहे. जुलै-ऑगस्टात वाटेतल्या किन्नौर जिल्ह्यात दरडी कोसळतात आणि ऑक्टोबर लागला की कुंझुम खिंडीत कधीही बर्फ पडू शकतो. दोघींच्या गाड्या नागपूर ते दिल्ली रेल्वे पार्सलने जातील. त्यासाठी टाकी पूर्ण रिकामी करावी लागते, आरसे काढायचे, हँडल आणि टाकी गोणपाटात बांधायची, आरसी-विम्याच्या झेरॉक्स द्यायच्या. आपण ज्या ट्रेनने जातो त्याच ट्रेनमध्ये गाडी चढेलच असं नसतं, म्हणून गाड्या दोन दिवस आधी पाठवतोय.

आई, आता तुझं. नागपूर जेमतेम ३१० मीटरवर, आणि कुंझुम सुमारे ४,५५० मीटरवर. तिथे हवेचा दाब आपल्याकडच्या साधारण ६० टक्केच असतो. घाईने वर गेलं की त्रास होतो, मग माणूस कितीही धडधाकट असो. ३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त वर नको, हा नियम. म्हणून कल्पाला (२,९६० मीटर) दोन रात्री. पुढे बरेच जण नाकोला थांबतात, पण ते एकदम ३,६०० च्या वर आहे. आम्ही ते ओलांडून खाली टाबोला (३,२८०) झोपणार. मग काझाला दोन रात्री आणि शेवटी लोसर. शिवाय दोन दिवस राखीव आहेत. डायमॉक्स (उंचीचा त्रास टाळायची गोळी) डॉक्टरांना विचारूनच घेणार आहे. सल्फाची ॲलर्जी असलेल्यांनी ती घ्यायची नसते, मला ती नाही. डोकं दुखून उलटी झाली, तर त्या दिवशी वर जायचं नाही. बसल्या जागी धाप लागली, किंवा एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाची बोटं लावत सरळ रेषेत चालताना तोल गेला, तर रात्र असो की दिवस, लगेच खाली उतरायचं. यात "बघू सकाळी" चालत नाही.

बाबा, तुमच्या चेतकला कार्बोरेटर होता. तो असा उंचीवर नेला तर हवा कमी आणि पेट्रोल जास्त, की प्लग काळा. आमच्या रॉयल एनफील्ड हिमालयन गाड्यांमध्ये सेन्सर हवेचा दाब मोजून पेट्रोल कमी करतो, त्यामुळे प्लगची काळजी नाही. ताकद मात्र कमी होतेच. मग चढावर लोक हाफ क्लचवर गाडी रेटतात आणि क्लच प्लेट जळतात. आम्ही सामान कमी ठेवलंय आणि पहिल्या गिअरमध्ये क्लच पूर्ण सोडून चढणार. सोबत क्लच आणि ॲक्सिलरेटरची केबल, क्लच-ब्रेकचे लिव्हर, फ्यूज, चेन लिंक आणि एम-सील. दगड लागून इंजिनच्या खालच्या भागातून तेल झिरपायला लागलं, तर एम-सीलने निदान काझापर्यंत निभावतं.

चाकांत ट्यूब आहेत, पुढे २१ इंची, मागे १७. पंक्चर काढणं खरं तर सोपं आहे, चुकतं ते पुन्हा बसवताना. खिळा टायरमध्ये तसाच राहतो, किंवा टायर लिव्हरच्या टोकाने नवी ट्यूब चिमटली जाते. म्हणून टायर आतून बोटाने चाचपून घ्यायचा, ट्यूबमध्ये आकार येईल एवढीच हवा भरून ती आत सरकवायची, आणि शेवटची वीतभर कडा लिव्हर न वापरता टाचेने दाबून बसवायची. मागच्या रविवारी दुकानात बसून दोन्ही चाकांचा सराव केला.

पेट्रोल रेकाँग पिओच्या खाली पोवारीला भरलं की पुढे थेट काझाला, साधारण २०० किलोमीटर. काझाहून मनालीपर्यंत पुन्हा तेवढंच. टाकी १५ लिटरची, म्हणजे पुरतं. पण काझाचा पंप नेमका कोरडा असला तर ४०० किलोमीटर एका टाकीत काढणं फार ताणाचं होईल. म्हणून दोघींत मिळून ५ लिटरचा कॅन.

लोसरहून कुंझुम ओलांडून मनालीच्या वाटेवरच्या ग्रांफूपर्यंतचा पट्टा सगळ्यात अवघड. वाटेत नाले रस्त्यावरूनच वाहतात. ऊन चढलं की वरचं बर्फ वितळतं आणि दुपारनंतर पाणी वाढतं, म्हणून पहाटेच निघायचं. आधी बूट घालून नाला चालत पार करून खोली बघायची, मगच गाडी घालायची. मांडीपर्यंत पाणी असलं तर परत फिरायचं किंवा बातलच्या ढाब्यावर रात्र काढायची.

त्या दिवशी फोन लागणार नाही, हे धरूनच चाला. संध्याकाळी फोन आला नाही तर आम्ही बातलला थांबलो असं समजा. दुसऱ्या दिवशी दुपारी १२ पर्यंतही आला नाही, तरच लोसरच्या मुक्कामाच्या घरी फोन करा. नंबर या पानाच्या मागे लिहिलाय. तिथूनही काही कळलं नाही, तर हिमाचल पोलिसांच्या कंट्रोल रूमचा नंबर त्याच्याखाली आहे.

आई, फल्लीदाणे घालून चिवडा कर, पण पाकिटं सील करताना आतली हवा पूर्ण काढ. वर दाब कमी असतो, पाकिटं फुगून फुटतात आणि बॅगभर चिवडा होतो.

तुमची,
लेक