फोन वाजतच नव्हता, हे दाखवून देणाऱ्या दादांना

प्रिय दादा,

सप्रेम नमस्कार.

नाव कुठे टाकू नका असं तुम्ही बजावलंय, म्हणून नुसतं दादा लिहिते. पत्र मात्र सगळ्यांसमोरच लिहिणार. आमच्या डिस्पॅचच्या ताईंना बोल लागला तोही सगळ्यांसमोरच, तेव्हा त्यांच्या बाजूने जे घडलं तेही चारचौघांना कळायला हवं.

वाचणाऱ्यांसाठी थोडं सांगते. आमचं द्राक्षाचं पॅकहाऊस निफाड तालुक्यात आहे. जानेवारी ते एप्रिल इथे श्वास घ्यायला फुरसत नसते. माल न्हावाशेव्याहून युरोपला जातो आणि तिकडच्या खरेदीदारांचे फोन इंटरनेटवरून येतात. पूर्वी ते स्काइपवर यायचे. कॉम्प्युटरला जुने स्पीकर जोडलेले होते, रिंग वाजली की पार कोल्ड स्टोअरच्या दारापर्यंत ऐकू जायची. 5 मे 2025 ला स्काइप बंद झालं, आम्ही मायक्रोसॉफ्टच्या टीम्स या कॉलिंग ॲपवर आलो आणि सोबत सगळ्यांना नवे हेडसेट मिळाले. सीझन सुरू झाला आणि पहिल्याच महिन्यात तक्रारी यायला लागल्या. तुमच्या डिस्पॅचला कुणी फोनच उचलत नाही!

ज्यांच्याकडे आमची सिस्टीम बसवायचं काम होतं, त्यांना आम्ही पुन्हा पुन्हा विनवलं. ते आपल्या ऑफिसातून रिमोटने बघायचे. ताईंना म्हणायचे, हेडसेट लावून बसा, टेस्ट कॉल टाकतो. ताई बसायच्या, फोन लागायचा, त्या उचलायच्या. झालं! सगळं ओके आहे, यूजरला ट्रेनिंग द्या, असा शेरा मारून तक्रार बंद. एकदाही कुणाला विचारावंसं वाटलं नाही की ही बाई दिवसभर खरंच खुर्चीवर बसून असते का. शेवटी मीटिंगमध्ये विषय निघाला आणि पंधरा-वीस माणसांसमोर ताईंना ऐकवलं गेलं की जमत नसेल तर सांगा, दुसरं माणूस बघू. ज्या बाईने या पॅकहाऊसमध्ये उभी हयात घालवली, तिला हे ऐकावं लागलं. त्या काही बोलल्या नाहीत. डबाही न उघडता घरी घेऊन गेल्या.

मग तुम्ही आलात. खरं तर आला होतात बारकोडच्या प्रिंटरसाठी.

तुम्ही काय काय सेटिंग केलंत ते मी इथे मांडत बसत नाही. मला समजलं ते एवढंच, की रिंग ज्या हेडसेटमध्ये वाजत होती तो टेबलावर पडलेला असायचा आणि ताई आत पॅलेटजवळ. मोबाइल हॉलमध्ये न्यायला बंदी. रिंग 20 सेकंद वाजायची आणि फोन व्हॉइसमेलला जायचा. कायम टेबलाशी बसणाऱ्याला तेवढा वेळ पुरतो, डिस्पॅचच्या माणसाला कसा पुरणार? तुम्ही कॉम्प्युटरच्या स्पीकरवरही रिंग वाजेल असं केलंत, वेळ वाढवलात, आणि तरीही कुणी उचललं नाही तर फोन माझ्या टेबलावर येईल अशी सोय केलीत. फोन दुसऱ्याकडे वळवायची सोय सिस्टीम बसवतानाच्या मूळ सेटिंगमध्येच बंद करून ठेवलेली होती, म्हणून ताईंच्या स्क्रीनवर तो पर्यायच दिसत नव्हता. जे दिसतच नाही त्याचं ट्रेनिंग काय देणार होते, देव जाणे.

पण दादा, माझे आभार सेटिंगसाठी नाहीत. सेटिंगला हात लावायच्या आधी तुम्ही जे केलंत त्यासाठी आहेत.

तुम्ही मिस्ड कॉलची यादी उघडलीत, थोडा वेळ बघत राहिलात आणि ताईंना म्हणालात, "ताई, दुपारी साडेतीन-चारला तुम्ही कुठे असता?" त्या म्हणाल्या, कंटेनर लागतो तेव्हा, टेम्परेचर घेत असते. त्यावर तुम्ही विचारलंत, "त्याचं रजिस्टर असतं ना? जरा बघू?"

ते रजिस्टर आमच्याकडे कुणी प्रेमाने मागत नाही. लोडिंगच्या आधी पॅलेटमधल्या मण्यात प्रोब खुपसून आतलं तापमान बघायचं, शून्याच्या आसपास आहे ना याची खात्री करायची आणि वेळ घालून लिहायचं. पानं ओलसर, कडा दुमडलेल्या, गार पडलेल्या बोटांनी लिहिलेले आकडे. तुम्ही ते स्क्रीनशेजारी उघडं ठेवलंत आणि बोट ठेवून एकेक ओळ जुळवलीत. 3:40 चा मिस्ड कॉल, 3:40 ची नोंद. 4:05 चा कॉल, 4:05 ला पुढचं पॅलेट. तिकडे युरोपात, रॉटरडॅमला सकाळचे 11 वाजतात तेव्हा हिवाळ्यात आपल्याकडे साडेतीन झालेले असतात. त्यांची फोन करायची वेळ आणि आमची कंटेनर भरायची वेळ एकच. हे आमच्यातल्या कुणाच्याही ध्यानात आलं नव्हतं.

मग तुम्ही मॅनेजर साहेबांना बोलावलंत. आवाज न चढवता म्हणालात, "साहेब, प्रत्येक कॉलच्या वेळी ताई तुमच्याच मालापाशी होत्या. हे त्यांचंच अक्षर आहे." एवढंच. साहेबांनी पान वाचलं आणि तिथल्या तिथे, सगळे उभे असताना, ताईंची माफी मागितली. त्यांनी ती मागितली याचंही मला कौतुक आहे.

तुम्हाला याची काही गरज नव्हती. स्पीकर चालू करून, झालं म्हणून निघून गेला असतात तरी फोन वाजायला लागलाच असता. पण मग सगळ्यांच्या मनात राहिलं असतं की आधी ताईच उचलत नव्हत्या. हुशार माणसं पुष्कळ भेटतात हो. समोरच्याचं काम खरं मानून तपासाला बसणारी किती भेटतात? मशीन दुरुस्त करायला आलेल्या माणसाने मशीनपुढच्या माणसाचीही विचारपूस करावी, हा चांगुलपणा आहे, आणि तो अजून शिल्लक आहे हे त्या दुपारी आम्ही बघितलं.

ताईंनी स्वतः लिहायला हवं होतं, पण त्या म्हणाल्या, मला नीट मांडता येणार नाही, तूच लिही. एक निरोप मात्र त्यांनी दिलाय. बिलात तुम्ही फक्त प्रिंटरचे पैसे लावलेत. बाकीचे साहेबांनी पाकिटात घालून ताईंकडे दिलेत आणि त्यांनी ते स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवलेत. पुढच्या खेपेला याल तेव्हा ते घ्या. नको म्हणालात तर ताई ऐकणार नाहीत, हे मी आधीच सांगून ठेवते.

आपली,
डॉक्युमेंटेशनच्या टेबलावरची